पोट्ट्यांची लीग, अ गट, ब गट आणि अकरा-शून्य

पत्र थोडक्यात असं: लिहिणारे गृहस्थ नागपूरचे, नोकरीतून निवृत्त, तरुणपणी स्वतः हॉकी खेळलेले. मित्रांना हाताशी धरून ते दर हिवाळ्यात चौदा वर्षांखालच्या मुलांची लीग भरवतात. आठ संघ, रविवारची सकाळ, एका शाळेचं मुरमाचं मैदान. दोन संघ इतके भारी की सामने नऊ-शून्य, अकरा-शून्य असे संपायचे. त्यातला एक संघ वस्तीतल्या मुलांचा, जुन्या लाकडी स्टिका घेऊन रोज अंधार पडेस्तोवर खेळणारा. म्हणून गेल्या मोसमात समितीने एका रविवारी चाचणी सामने घेतले आणि चार-चार संघांचे अ आणि ब गट पाडले. मोठे स्कोअर कमी झाले, पण भलतंच सुरू झालं. ब गटातली मुलं गळायला लागली. पालकांचे फोन सुरू झाले. एका प्रशिक्षकाने आपली तीन तगडी मुलं चाचणीला आणलीच नाहीत, संघ ब गटात बसवला आणि मग त्याच मुलांच्या जोरावर ब गटाचा चषक आणि बक्षिसाच्या नव्या स्टिका घेऊन गेला. अ गटात जो तळाला होता त्याने दर रविवारी मार खाल्ला तो वेगळाच. आता समितीत दोन तट आहेत. एक म्हणतो गट मोडा, सगळ्यांना एकत्र खेळवा. दुसरा म्हणतो संघ नको, एकेका मुलाची परीक्षा घेऊन श्रेणी लावा. पत्राच्या शेवटी ते विचारतात, "हॉकी इंडियासुद्धा गट पाडते. मग आमचंच काय चुकलं? आणि मी कोणाच्या बाजूने उभा राहू?"

भाऊ, नमस्कार.

तूर्तास कोणाच्याच बाजूने उभे राहू नका. दोन्ही तटांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे, की कोणता संघ कोणत्या पायरीचा हे मोसम सुरू होण्याआधी ठरवता येतं. बारा-तेरा वर्षांच्या पोट्ट्यांच्या बाबतीत ते ठरवता येत नाही. गट पाडण्यात तुमचं काहीच चुकलं नाही. ते पाडायची वेळ चुकली, आणि एकदा पाडल्यावर मोसम संपेपर्यंत मधलं दार बंद ठेवलं ते चुकलं.

आता हॉकी इंडियाचं. २०२५ मध्ये झाशीला वरिष्ठ पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा अ, ब आणि क अशा तीन विभागांत झाली, हे खरं. पण तिथे नियम असा आहे की अ विभागातले तळाचे दोन संघ पुढच्या वर्षी खाली जातात आणि ब मधले वरचे दोन वर येतात. शिवाय ती मोठी माणसं. पंचवीस वर्षांच्या खेळाडूचा खेळ सहा महिन्यांत ओळखू न येण्याइतका बदलत नाही. तुमच्या लीगमधला तेरा वर्षांचा पोरगा दिवाळीला असतो एक आणि होळीला दुसराच. त्याची उंची वाढते, आवाज फुटतो, मनगटात जोर येतो आणि कालपर्यंत हुकणारा फटका बसायला लागतो. एका रविवारच्या चाचणीवर तुम्ही त्याचा पूर्ण हिवाळा लिहून टाकलात. मोठ्यांच्या स्पर्धेचे गट तुम्ही घेतलेत, त्यांची वर-खाली होण्याची सोय घ्यायची राहिली.

आधी अकरा-शून्यबद्दलच बोलू, कारण तिथेच समितीचा सगळा जीव अडकलेला दिसतो. एवढ्या फरकाने हरणाऱ्या मुलांची सगळ्यांना दया येते. जिंकणाऱ्यांकडे कोणी बघत नाही. पुढच्या वेळी असा सामना लागला तर स्कोअरबोर्ड सोडा आणि जिंकणाऱ्या संघाच्या गोलकीपरकडे बघा. पॅड, पायातले किकर, हेल्मेट, सगळा जामानिमा चढवून तो गोलपोस्टला टेकून उभा असतो. तिसऱ्या क्वार्टरपर्यंत त्याच्याकडे चेंडू एकदा येतो, तोही आपल्याच बॅकने मागे दिलेला. किकरच्या टोकाने तो मुरमात रेघा ओढत बसतो. त्याचे दोन्ही फुलबॅक कधीचे मैदानाच्या मधल्या रेषेपलीकडे गोल मारायला गेलेले असतात. सेंटर फॉरवर्डने पाच गोल केलेले असतात, पण पाचही एकाच तऱ्हेने: चेंडू पुढे ढकलला, धावला, मारला. रिव्हर्स स्टिकची, म्हणजे स्टिक उलटी फिरवून खेळायची, गरज पडली नाही, पास देण्याची तर नाहीच. हाच मुलगा पुढे जिल्ह्याच्या चाचणीला जाईल, समोर बरोबरीचा डिफेंडर उभा राहील, आणि त्याला कळणार नाही आता करायचं काय. एकतर्फी सामन्यात दोन्ही बाजूंची मुलं रविवार वाया घालवतात. पालकांना ही बाजू सांगा. भारी संघांच्या पालकांना तर आधी सांगा.

आपल्याकडे मोठ्या स्कोअरचं कौतुक जुनं आहे. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेला २४-१ हरवलं, त्यात रूपसिंगचे दहा आणि ध्यानचंदचे आठ गोल, हे हॉकीवाल्या घरात पाठ असतं. त्या स्पर्धेत मुळात तीनच संघ होते, आणि दोन्ही सामने हरूनही अमेरिकेला कांस्यपदक मिळालं, हे मात्र कोणी सांगत नाही. आकडा मोठा म्हणजे खेळ मोठा झाला, असं काही नसतं.

दुसरं तुमचं गृहीतक: ब गटातली मुलं हरण्यामुळे किंवा ब चा शिक्का बसल्यामुळे गळाली. असेलही. पण ब गटात तर सामने अटीतटीचे झाले, स्कोअर सुधारले, असं तुम्हीच लिहिलं आहे. मग मुलं का गेली? मला संशय वेगळाच येतो. सामने चुरशीचे झाले की प्रशिक्षकाचा हात आखडतो. अकरा-शून्यच्या सामन्यात तो राखीव मुलांना सहज आत सोडायचा, दोन-दोनच्या सामन्यात सोडत नाही. सोळा जणांच्या चमूतले पाच जण बाकावर संत्री सोलत बसले, की तिसऱ्या रविवारी ते येत नाहीत. मी म्हणतो ते खरं की खोटं, हे तपासायला फार काही लागत नाही. जी मुलं गेली त्यांच्या घरी फोन करा आणि "का सोडलं" असं न विचारता "शेवटच्या सामन्यात तू किती वेळ आत होतास" एवढंच विचारा. वडिलांना नको, मुलालाच विचारा.

हॉकीच्या नियमांनी तुम्हाला इथे मोकळं रान दिलं आहे. बदली कितीही वेळा करता येते, बाहेर गेलेला पुन्हा आत येऊ शकतो. पेनल्टी कॉर्नर दिल्यापासून तो संपेपर्यंत तेवढी बदली थांबते, गोलकीपर जखमी झाला तर गोष्ट वेगळी. फुटबॉलवाल्यांसारखी "बदल्या संपल्या हो" ही सबब प्रशिक्षकाला नाही. तेव्हा सरळ नियम करा: प्रत्येक मूल चारपैकी निदान दोन क्वार्टर मैदानावर असलंच पाहिजे. टेबलावर बसणाऱ्या माणसाने वहीत खुणा करायच्या. ज्या संघाने हे पाळलं नाही त्याला त्या सामन्याचे गुण नाहीत. पहिल्या दोन रविवारी आरडाओरड होईल. होऊ द्या. हा नियम लागला की संघांमधलं अंतरही आपोआप थोडं कमी होतं, कारण भारी संघाचा बाक बहुतेक वेळा त्याच्या पहिल्या अकरांइतका भारी नसतो.

आता एकेका मुलाची परीक्षा घेऊन श्रेणी लावण्याचा प्रस्ताव. कागदावर तो फार शास्त्रशुद्ध दिसतो, म्हणून समितीतल्या शिकलेल्या मंडळींना आवडलाही असेल. मला दोन कारणांनी पटत नाही. पहिलं कारण, चौदाखालच्या गटात तुम्ही जे मोजाल त्यातलं बरंचसं वय असेल, कसब नव्हे. कॅनडात बर्फावरच्या हॉकीत मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवून दिलं की वरच्या पातळीवरच्या कुमार खेळाडूंमध्ये जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेले सगळ्यात जास्त आणि ऑक्टोबर ते डिसेंबरमधले सगळ्यात कमी होते. कारण साधं आहे. वयोगट १ जानेवारीला कापला जातो. त्यामुळे जानेवारीतला मुलगा डिसेंबरातल्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो, अंगाने थोराड असतो, म्हणून निवडला जातो. निवडला गेला म्हणून त्याला जास्त सराव आणि चांगला प्रशिक्षक मिळतो, आणि मग तो खरोखरच चांगला होतो. तुमच्याकडे आठही संघांचे वयाचे दाखले असतीलच. एका संध्याकाळी बसून अ आणि ब गटातल्या मुलांचे जन्ममहिने शेजारी-शेजारी लिहून बघा. ब गटात वर्षाच्या उत्तरार्धातली गर्दी दिसली, तर तुमच्या चाचणीने नेमकं काय मोजलं ते कळेल.

दुसरं कारण वस्तीतल्या संघाचं. मुलांची श्रेणी लावून संघ नव्याने बांधायचे म्हणजे सगळ्यात आधी तो संघ फुटणार. ही पोरं एकमेकांकडे न बघता पास देतात, कारण रोज संध्याकाळी एकत्र असतात. ह्या वयात मूल मैदानावर येतं ते निम्मं मित्रासाठी येतं. आणि स्पष्टच बोलतो, राग मानू नका. "ती मुलं प्रोफेशनल आहेत, त्यांना वेगळं खेळवा" ही मागणी ज्या घरांतून येते, तिथे पोराच्या पाठीवर महागाची किट बॅग असते आणि सराव आठवड्यातून दोन दिवस असतो. रोज खेळणाऱ्याला पुढे जाण्याची शिक्षा द्यायची नसते. त्यांचा सराव कसा चालतो ते बाकीच्यांनी जाऊन बघावं, हे त्याहून बरं. एखाद्या बुधवारी दोन संघांनी मिळून सराव करावा, हे तुम्ही सुचवलंत तर वस्तीतली मुलं नाही म्हणणार नाहीत, असं मला वाटतं.

मग करायचं काय? उपाय आपल्या शहराला चांगला ओळखीचा आहे, फक्त दुसऱ्या खेळातला. २०२५ मध्ये दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमीला महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकल्यापासून नागपुरात गल्लोगल्ली बुद्धिबळाची चर्चा आहे. तो विश्वचषक बाद पद्धतीचा, पण शाळेतल्या पोरांच्या बहुतेक बुद्धिबळ स्पर्धा स्विस पद्धतीने होतात, झुरिकमध्ये १८९५ साली पहिल्यांदा वापरलेल्या. त्यात आधी गट पाडत नाहीत. पहिली फेरी झाली की जिंकलेला जिंकलेल्याशी, हरलेला हरलेल्याशी. दुसऱ्या फेरीनंतर पुन्हा सारख्या गुणांचे एकमेकांशी, आणि एकदा झालेली जोडी पुन्हा लावायची नाही. पाणी आपली पातळी आपण शोधतं तसे तीन-चार फेऱ्यांत बरोबरीचे समोरासमोर येतात. कोणाच्या कपाळावर अ किंवा ब लिहावं लागत नाही.

तुमच्या आठ संघांचा हिशोब मी मांडून पाहिला. सगळे सगळ्यांशी खेळले तर २८ सामने होतात, सात रविवार. त्याऐवजी पहिले चार रविवार स्विस पद्धतीने खेळवा, म्हणजे १६ सामने. मग गुणांप्रमाणे वरचे चार आणि खालचे चार वेगळे करा आणि त्यांना आपापसात खेळवा: सहा आणि सहा, १२ सामने, तीन रविवार. एकूण २८ सामने आणि सातच रविवार. मैदानाचं भाडं, पंच, चहा-पोहे, कशातच वाढ नाही. गट इथेही पडतात, पण चार सामने खेळून, मुलांच्या डोळ्यांसमोर. आईवडिलांनी फोन केला तर गुणतक्ता दाखवता येतो. समितीच्या मनात काय होतं ते सांगत बसावं लागत नाही.

एक काळजी घ्या. बुद्धिबळात पहिल्या फेरीत वरच्या अर्ध्यातला खेळाडू खालच्या अर्ध्यातल्याशी लावण्याची रीत आहे. तुम्ही ते करू नका, नाहीतर पहिल्याच रविवारी पुन्हा नऊ-शून्य. गेल्या वर्षीचे दोन भारी संघ पहिल्या दिवशी एकमेकांना भिडू द्या. त्यातला हरलेला दुसऱ्या रविवारी कोणाला तरी धुऊन काढेल, हेही खरं. तो एखादा सामना सोसायचा. चौथ्या रविवारपर्यंत तक्ता बराच खरा झालेला असतो.

गुणतक्त्यात आणखी एक छुपी खोट असते आणि ती बहुतेक आयोजकांच्या ध्यानात येत नाही. बरोबरीच्या गुणांवर गोलफरक मोजायचा म्हटलं की तुम्ही स्वतःच प्रशिक्षकाला सांगता, सहा-शून्यवर थांबू नकोस, अकरा कर. म्हणून गोलफरकाला मर्यादा घाला. एका सामन्याचा फरक कितीही असो, तक्त्यात चारच धरायचा. पाचव्या गोलाची किंमत शून्य झाली की भारी संघाचा प्रशिक्षक आपोआप बाकावरची मुलं आत सोडतो आणि फॉरवर्डला मागे खेळवून बघतो. पाच गोलांची आघाडी झाली की जिंकणाऱ्यांचा एक खेळाडू कमी करायचा, असाही नियम काही ठिकाणी लावतात. मला तो आवडत नाही. समोरच्याने आपल्यावर दया म्हणून दहा जण ठेवले, हे हरणाऱ्या पोराला अकराव्या गोलाहून जास्त लागतं.

आता त्या तीन मुलं लपवणाऱ्या प्रशिक्षकाकडे येऊ. तुमच्या पत्रात त्याच्याबद्दल राग आहे आणि तो रास्त आहे. पण बंदी वगैरे घालू नका. बक्षीस तुम्हीच तिथे ठेवलं होतं. अ गटातला चौथा संघ रिकाम्या हाताने घरी गेला आणि ब गटातला पहिला नव्या स्टिका घेऊन गेला, तर कोणीही हुशार माणूस ब गटात शिरेल. खेळाडूंची यादी पहिल्या रविवारी सकाळी बंद करा. नंतर आलेला मुलगा पुढच्या मोसमात खेळेल, आजारपण सोडून. शिवाय खालच्या चारांचा चषक ठेवा, पण त्याला वस्तूंचं बक्षीस नको. तुमचे जे प्रायोजक स्टिका देतात, त्यांना ह्या वर्षी गोलकीपरच्या किटसाठी विचारा. ह्या खेळात सगळ्यात महाग सामान तेच असतं. ते लीगच्या मालकीचं राहिलं तर दोन्ही संघांचे कीपर नीट पॅड घालून उभे राहतील. अर्धवट पॅडवाला कीपर समोर असला की अकरा गोल होणारच.

तुम्ही विचारलं नाही तरी एक सांगतो, कारण अशी पत्रं फुटबॉल आणि कबड्डीवाल्यांचीही येतात. दहा वर्षांखालची लीग सुरू करायचा विचार असेल, तर गुणतक्ता लावूच नका. नॉर्वेत मूल अकरा वर्षांचं होईल त्या वर्षापर्यंत स्पर्धांचे तक्ते आणि क्रमवारी लावायची नाही असा तिथल्या क्रीडा महासंघाचा नियम आहे, आणि हिवाळी ऑलिंपिकच्या पदकांत तो लोकसंख्येने चिमुकला देश सगळ्यांच्या पुढे असतो. लहानांना पूर्ण मैदानही देऊ नका. ९१.४ मीटर लांबीच्या मैदानावर नऊ वर्षांच्या मुलाला चेंडू दिसतो तो लांबूनच. मैदान आडवं कापा, पाच-पाचचे संघ करा, एका वेळी तीन सामने चालवा.

समितीच्या बैठकीत ह्यातलं सगळं एकदम मांडू नका, वाद होईल. आधी गेल्या मोसमाची स्कोअरवही घेऊन जा. तिसरा क्वार्टर संपला तेव्हा किती सामन्यांत फरक दोन गोल किंवा त्याहून कमी होता, तेवढा एकच आकडा काढा. तुमची लीग बरोबरीची आहे की नाही ते त्यावरून कळतं. कोण जिंकलं ह्यावरून कळत नाही. आधीच्या, गट नसलेल्या मोसमाचाही तोच आकडा काढा. दोन्ही आकडे टेबलावर ठेवले की दोन्ही तटांना थोडं-थोडं गिळावं लागेल, आणि मग स्विसचा कागद पुढे सरकवा. एका मोसमापुरतं करून बघू म्हणा. पुढच्या हिवाळ्यात तोच आकडा पुन्हा काढायचा, आणि सुधारला नाही तर सोडून द्यायचं.

जोड्या आता दर आठवड्याला बदलणार, म्हणजे वेळाही बदलणार. त्या सोमवारीच ग्रुपवर टाका. शनिवारी रात्री टाकल्यात तर कामठीकडून येणारी मुलं सकाळी सातच्या सामन्याला पोचणार नाहीत.